जन्म गोंदियातला, तरी परदेशी

नमस्कार श्रोतेहो.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे. आपण तिला तिबेटी कॅम्प म्हणतो. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो लोक आले. त्यातल्या काहींना सत्तरच्या दशकात इथं वसवलं. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. आज त्यांची नातवंडं धानाची शेती करतात आणि थंडी पडली की स्वेटरांची गाठोडी घेऊन शहरात जातात.

सरकारदरबारी मात्र ही माणसं परदेशी. 'आरसी', म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, मुदत संपण्याआधी नवं करून घ्यावं लागतं. सरकारी नोकरीच्या अर्जात नागरिकत्वाच्या रकान्याशी पोरं अडतात. जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे बांधी कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून येत नाही. पीककर्जासाठी बँकेत बसलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता एका घराचं उदाहरण घ्या. आईवडील दोघेही तिबेटात जन्मलेले, भारताचे नागरिक नसलेले. थोरली मुलगी 1986 साली जन्मली, धाकटा 1988 साली. गाव तेच, शाळा तीच. पण 1955 च्या नागरिकत्व कायद्यानं 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक ठरतो. म्हणजे ताई भारतीय आणि भाऊ परदेशी! दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 मध्ये अशाच एका तिबेटी मुलीचा हक्क मान्य केला. 2014 मध्ये निवडणूक आयोगानंही अशांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितलं. तरी हक्क असूनही हेलपाटे सुटत नाहीत, आणि धाकट्याला तर हक्कच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे, असं 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पंधरावं कलम सांगतं.

काही तिबेटी नागरिकत्व घेतही नाहीत. आपल्या देशात परतायची आशा त्यांना सोडायची नाही. तो निर्णय त्यांचा. पण ज्यांना हवं आहे, त्यांच्यासाठी आसपासच्या गावांनी उभं राहावं. 1 जुलै 1987 च्या आधी इथं जन्मलेल्यांना शिकलेल्या पोरांनी मतदार नोंदणीचा नमुना 6 भरून द्यावा, बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सोबत जावं. आणि 1987 नंतर इथंच जन्मलेल्या लेकरांसाठी कायदा बदला, ही मागणी आपल्या ग्रामसभांनी ठराव करून खासदारांकडे पाठवावी. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडाल ना?