हिरव्या कापडावरची ओळ

लास व्हेगासच्या एखाद्या कॅसिनोत आपण ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलाशी बसलो आहोत, असे समजा. समोर दहा डॉलरची चिप ठेवली आहे, डीलरने पाने वाटली आहेत आणि आपल्या हाती एक्का आणि राजा आला आहे. दोनच पानांत एकवीस गुण झाले, म्हणजे या खेळातला सर्वांत मोलाचा डाव लागला; यालाही 'ब्लॅकजॅक'च म्हणतात. त्यावर कित्येक दशके तीनास दोन या हिशेबाने पैसे मिळत आले: दहा डॉलरवर पंधरा. आता मात्र डीलर बाराच डॉलर पुढे सरकवतो. टेबलाच्या कापडावर 'ब्लॅकजॅक पेज सिक्स टू फाइव्ह', म्हणजे ब्लॅकजॅकवर सहास पाचने पैसे मिळतील, असे ठळक छापलेले असते; पण पत्त्यांवर नजर खिळलेल्या माणसाचे त्या ओळीकडे क्वचितच लक्ष जाते, आणि गेले तरी सहा आणि पाच हे आकडे तीन आणि दोनपेक्षा मोठेच दिसतात.

तीन डॉलर ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा लागतो आणि टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव सहज होतात, म्हणजे दहा डॉलर लावणाऱ्याचे तासाला नऊ-दहा डॉलर एवढ्या एका नियमापायी जातात. चांगल्या नियमांच्या टेबलावर, प्रत्येक पान शास्त्रशुद्ध हिशेबाने खेळणाऱ्याकडून कॅसिनो लावलेल्या पैशाच्या सुमारे अर्धा टक्का मिळवतो. सहास पाचचा नियम आला की हाच वाटा दोन टक्क्यांच्या घरात जातो. माणूस तेवढ्याच कौशल्याने खेळत असतो, आणि त्या कौशल्याची किंमत चौपट झालेली असते.

हा नियम या शतकाच्या सुरुवातीला स्ट्रिपवर, म्हणजे लास व्हेगासच्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, पसरू लागला, तेव्हा तो मुख्यतः एकाच कॅटच्या टेबलांवर आला. कमी पत्त्यांचा खेळ खेळाडूच्या फायद्याचा, हे जाणकारांकडून ऐकलेले लोक 'सिंगल डेक'ची पाटी पाहून तिथे बसत, आणि ज्या फायद्यासाठी बसत तो या एका ओळीने आधीच काढून घेतलेला असे. मला ही गोष्ट सर्वांत जास्त खुपते, कारण इथे खेळाडूच्या अर्धवट ज्ञानाचाच गळ करण्यात आला.

फिरत्या चाकावर चेंडू कोणत्या आकड्याच्या खान्यात थांबेल यावर पैसे लावण्याच्या रूले या खेळाची कथा तर एक पूर्ण वर्तुळ आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स्वा आणि लुई ब्लां या भावांनी जर्मनीतल्या बाड होम्बुर्ग इथे चाकावरचे दुसरे शून्य काढून टाकले, कारण इतर ठिकाणांहून खेळाडू आपल्याकडे ओढायचे होते. अमेरिकेत दोन शून्यांचे चाक रूढ राहिले. आणि 2016 साली लास व्हेगासच्या व्हेनेशियन कॅसिनोत तिसऱ्या शून्यासारखा आणखी एक खाना आला, ज्यावर शून्याऐवजी 'एस' हे अक्षर होते. एका आकड्यावर पैसे लावून जिंकल्यास मिळतात पस्तीस पट, मग चाकावर सदतीस खाने असोत, अडतीस असोत की एकोणचाळीस. त्यामुळे शंभर डॉलर लावले की सरासरीने एका शून्याच्या चाकावर 2.70, दोन शून्यांच्या चाकावर 5.26 आणि तीन शून्यांच्या चाकावर 7.69 डॉलर कॅसिनोच्या तिजोरीत जातात.

टेबल चालवायला डीलर लागतो, देखरेख लागते, जागा अडते, आणि दोन-तीन दिवसांसाठी आलेला पर्यटक नियमांची तुलना करत बसत नाही. व्यवसायाच्या बाजूने एवढे कारण पुरते.

एकदा मात्र खेळाडूंनी ही तुलना केली होती. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने 1962 साली, गेलेली पाने लक्षात ठेवून ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोवर मात करता येते, हे पुस्तक लिहून दाखवून दिले. धास्तावलेल्या लास व्हेगासच्या कॅसिनोंनी 1964च्या एप्रिलमध्ये पैज दुप्पट करण्याच्या आणि दोन एक्के वेगळे करून खेळण्याच्या सवलती आखडत्या घेतल्या. लोकांनी टेबलांकडे पाठ फिरवली, डीलरांची टिपेची कमाई घटली, आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आले.

तीनास दोनची टेबले आजही लास व्हेगासमध्ये आहेत, एका शून्याची चाकेही आहेत. पण स्ट्रिपवर त्यांच्यासमोर बसायला बहुधा किमान पैज मोठी लावावी लागते, आणि दहा-पंधरा डॉलर घेऊन आलेल्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा सहास पाचचे कापड आणि तीन शून्यांचे चाक येते.