मॅनेजर दिवसभर करतो तरी काय?

(दृश्य: ऑफिसचा मजला. माणसं स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेली. एकजण हातात वही घेऊन या टेबलाकडून त्या टेबलाकडे जातोय.)

या मजल्यावर कोण काय करतंय, हे लांबून बघूनही साधारण कळतं. हा कोड लिहितोय. ती हिशेब जुळवतेय. पलीकडचा फोनवर ग्राहकाची समजूत काढतोय. कळत नाही ते फक्त या वहीवाल्याचं. सकाळपासून तो चार जणांशी बोलला, दोन मीटिंगांना बसला, एका मेलला उत्तर लिहायला घेतलं आणि ते अर्धवट टाकून उठला. आज काय केलंस, असं संध्याकाळी कोणी विचारलं तर त्यालाही धड सांगता येणार नाही.

तो मॅनेजर आहे.

हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडातल्या अभ्यासकाने या प्रश्नाचं उत्तर अगदी सरळ मार्गानं शोधलं. पाच कंपनीप्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा राहून ते काय करतात, किती वेळ करतात, याच्या नोंदी ठेवल्या. १९७३ साली ते सगळं पुस्तकरूपात आलं. तोवर शिकवलं जायचं की मॅनेजर योजना आखतो, जुळवाजुळव करतो, देखरेख ठेवतो. नोंदी वेगळंच सांगत होत्या. या मंडळींची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. तासाभराहून जास्त चाललेलं काम दहातलं एखादंच.

आणि ही झाली सर्वांत वरच्या खुर्चीवरची माणसं. खालच्या पायरीवर तर श्वास घ्यायलाही फुरसत नाही. १९५६ साली अमेरिकेतल्या ५६ फोरमनांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ तासांच्या पाळीत एका फोरमनच्या वाट्याला सरासरी ५८३ गोष्टी येत होत्या. म्हणजे पन्नास सेकंद होत नाहीत तोच पुढचं काहीतरी. तेव्हा तर चॅटसुद्धा नव्हतं.

नवा मॅनेजर पहिले काही महिने तक्रार करतो, की लोक मला काम करू देत नाहीत. हा सारखा विचारायला येतो, ती सारखी फोन करते. आपलं खरं काम म्हणजे तो एक्सेलचा तक्ता, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं आणि ही माणसं म्हणजे व्यत्यय. प्रत्यक्षात उलटं आहे. माणसं हेच काम आहे. तक्ता जमेल तेव्हा.

(दृश्य: बढतीचा मेल. अभिनंदनाचे संदेश. हात मिळवणारी माणसं.)

मग या माणसाला मॅनेजर केलं कोणी, आणि का? बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं. आधीच्या कामात तो सगळ्यांच्या पुढे होता.

ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तीन संशोधकांनी शंभरावर अमेरिकी कंपन्यांमधल्या विक्री विभागांची माहिती तपासली. त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्याची विक्री जास्त, त्याला बढती मिळण्याची शक्यता जास्त, इथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. जितका मोठा विक्रेता, तितकी मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी कमी भरत होती. त्याउलट, जे आधीपासून इतरांसोबत मिळून व्यवहार पूर्ण करत आले होते, ते मॅनेजर म्हणून उजवे ठरत होते.

याचा अर्थ कंपन्यांना अक्कल नाही असा नाही. राबणाऱ्याला वर जाता येतं, हा विश्वास टिकवण्यासाठीही बढती द्यावी लागते. आकड्यांत पहिला आलेल्याला डावलून पाचव्याला खुर्ची दिली, तर उद्या आकड्यांसाठी कोण मर-मर मरेल? पण त्याची किंमत मोजतात हाताखालची माणसं.

कारण आधीच्या कामात हुशार असणं इथे कामी येतंच असं नाही, कधी आड येतं. हाताखालच्याला जे करायला दोन दिवस लागतात, ते या माणसाला दोन तासांत जमतं. ‘आण इकडे, मीच करतो’ हे शब्द त्याच्या जिभेवरच असतात. एकदा केलं, काम झालं, सगळे खूश. दहाव्यांदा केलं, तेव्हा टीममधल्या कोणालाच ते काम येत नाही आणि हा रात्री दहा वाजता लॅपटॉप उघडून बसलेला.

(दृश्य: रिकामी केबिन. दारावरची नावाची पाटी काढलेली.)

मॅनेजर हवेतच कशाला, असंही एका कंपनीनं विचारून पाहिलं. २००२ साली गूगलच्या संस्थापकांनी इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून टाकले. हुशार माणसांना वरिष्ठ कशाला हवेत, असा त्यांचा विचार. प्रयोग काही महिन्यांतच गुंडाळावा लागला. लोक खर्चाच्या पावत्या आणि आपसातली भांडणं घेऊन थेट संस्थापक लॅरी पेज यांच्याकडे जायला लागले होते.

पुढे याच कंपनीनं २००९ पासून उलट बाजूनं तपास केला, की चांगला मॅनेजर नेमकं काय वेगळं करतो. कामगिरीचे अहवाल, कर्मचाऱ्यांची मतं, मुलाखती, सगळं चाळून आठ सवयींची यादी निघाली. त्यात पहिली होती माणसाला शिकवून तयार करणं आणि दुसरी, प्रत्येक गोष्टीत नाक न खुपसणं. तांत्रिक ज्ञान होतं आठव्या, म्हणजे शेवटच्या जागी. इंजिनिअरांच्या कंपनीत! ज्ञान नको असं नाही, टीमला सल्ला देण्याइतकं ते लागतंच. पण तेवढ्यावर भागत नाही.

(दृश्य: टेबलाजवळ उभी तरुणी. मॅनेजर स्क्रीनवरून मान वर करतो.)

आता जवळून एक प्रसंग पाहू. असा प्रसंग प्रत्येक ऑफिसात रोज घडतो.

‘सर, दोन मिनिटं आहेत?’

‘बोल.’

‘रिपोर्ट अडलाय. त्या टीमकडून आकडेच आले नाहीत.’

‘बरं. मी बघतो.’

संपलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. पण आत्ता काय झालं? ती आली तेव्हा काम तिच्याकडे होतं. ती गेली तेव्हा ते याच्याकडे आलं. उद्या दुपारी ती पुन्हा येईल आणि अगदी नम्रपणे विचारेल, ‘सर, त्याचं काय झालं?’ आता सांगा, कोण कोणाच्या हाताखाली आहे?

विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांनी १९७४ साली एका लेखात याला खांद्यावरचं माकड म्हटलं होतं. हाताखालच्याच्या खांद्यावरून माकड टुणकन उडी मारतं आणि साहेबांच्या खांद्यावर जाऊन बसतं. संध्याकाळपर्यंत साहेबांच्या अंगावर पाच-सहा जमलेली असतात आणि टीम बिचारी वाट बघत बसलेली असते.

तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेनंही होऊ शकतो. ‘तू कोणाशी बोललीस? मेल केलास की फोन? तुझ्या मते आता काय करावं?’ तिसऱ्या प्रश्नाला ती थोडी थांबते, मग सांगते, ‘गेल्या महिन्याचे आकडे घालून कच्चा रिपोर्ट पाठवते, नवे आले की बदलते.’ चांगलं सुचलं की! हे तिला टेबलाजवळ येण्याआधीच सुचलं असतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

पण हे सूत्र समजून कोणी घोकू नये. प्रत्येक अडचणीला ‘तुला काय वाटतं?’ म्हणून परत पाठवणारे महाभागही असतात. त्यांच्या टीमला दोन महिन्यांत कळतं, की साहेब अंग झटकतात. दुसऱ्या टीमचा प्रमुख फक्त आपल्या बरोबरीच्याचंच ऐकत असेल, तर ती तरुणी दहा मेल करून थकेल. तिथे फोन मॅनेजरनंच उचलायचा. कुठलं काम तिचं आणि कुठलं आपलं, हे ओळखणं हीच खरी मेख आहे. ते कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही, माणूस आणि प्रसंग पाहून रोज ठरवावं लागतं.

(दृश्य: साप्ताहिक आढावा बैठक. भिंतीवर तक्ता, सगळे रकाने हिरवे.)

‘किती झालंय?’

‘नव्वद टक्के झालंय, सर.’

पुढच्या आठवड्यात पुन्हा नव्वद. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नव्वदच. ही नव्वद टक्क्यांची बातमी ऐकली नाही, असा मॅनेजर सापडायचा नाही. जुने जाणते टक्के विचारतच नाहीत. ‘काय राहिलंय, ते दाखव’ असं म्हणतात. मग कळतं, की जे राहिलंय तेच अवघड होतं आणि त्याला अजून हातच लागलेला नाही.

सांगणारा लबाड असतो असं नाही. बहुधा तो घाबरलेला असतो. मॅनेजरपुढची सर्वांत मोठी अडचण मला विचाराल तर हीच. वाईट बातमी त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. टीममधल्या प्रत्येकाला महिनाभर आधी ठाऊक असतं, की तारीख पाळली जाणार नाही. मॅनेजरला ते आदल्या दिवशी समजतं.

एमी एडमंडसन या संशोधिकेनं १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला. औषध देताना होणाऱ्या चुका कुठे जास्त, कुठे कमी? अपेक्षा अशी, की जिथे एकोपा चांगला, तिथे चुका कमी. आकडे आले ते नेमके उलटे. चांगल्या तुकड्यांमध्ये चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की त्या जास्त चुका करत होत्या असं नव्हे, चुका उघडपणे बोलून दाखवत होत्या. इतर ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. म्हणजे कागदावर स्वच्छ दिसणारी तुकडीच जास्त धोक्याची. भिंतीवरचा तो हिरवागार तक्ता पुन्हा एकदा पाहा.

हे सुधारायचं कसं? ‘माझं दार सदैव उघडं आहे’ या भाषणानं तर मुळीच नाही. कधीतरी एकजण धीर करून सांगतो, ‘मॅडम, माझ्याकडून चुकीची फाइल गेली.’ त्या क्षणी बाकी सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत असतात, कान मात्र इकडे. मॅडमच्या कपाळावर आठी आली, आवाज चढला, ‘असं कसं केलंस?’ निघालं, की संपलं. पुढचं वर्षभर त्या टीममधून काही ऐकू येणार नाही. ‘बरं झालं लगेच सांगितलंस, कोणाकोणाला गेली ती?’ एवढंच म्हटलं, तर पुढची चूक दहा मिनिटांत कळेल. रागवायचं नाही असं कुठे आहे? तीच चूक तिसऱ्यांदा झाली तर जरूर रागवावं. पण सांगितल्याबद्दल नव्हे.

(दृश्य: छोटी मीटिंग रूम. समोरासमोर दोन खुर्च्या.)

मग येतं ते सर्वांना नकोसं वाटणारं काम, तोंडावर सांगणं. ज्याला फीडबॅक म्हणतात.

फीडबॅक दिला की माणूस सुधारतो, असं धरून चालतात. अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली या विषयावरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. सरासरीनं फायदा होतो, हे खरं निघालं. पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण.

‘तुझा ॲटिट्यूड बरोबर नाही.’ या वाक्याचं समोरच्यानं करायचं काय? तो रात्रभर तळमळेल, मित्राला फोन करून मॅनेजरला शिव्या घालेल, आणि उद्या काय वेगळं करायचं हे त्याला तरीही कळलेलं नसेल. ‘कालच्या मीटिंगमध्ये ग्राहक बोलत असताना तू त्याला तीनदा मधेच तोडलंस. शेवटी तो गप्पच झाला.’ हे ऐकायला सुखाचं नाही, पण यात धरायला काहीतरी आहे. आणि हे आजच सांगायचं. वर्षअखेरच्या मूल्यमापनात मार्चमधली गोष्ट उकरून काढणं म्हणजे सूड उगवल्यासारखं वाटतं.

मूल्यमापनाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. टीममधले सगळे चांगले असले तरी अमुक टक्के लोकांना खालच्या श्रेणीत टाकाच, असा नियम अनेक कंपन्यांनी वर्षानुवर्षं चालवला. मायक्रोसॉफ्टनं तो २०१३ साली बंद केला. जिथे तो आहे, तिथे मॅनेजरला एका नीट काम करणाऱ्या माणसासमोर बसून सांगावं लागतं, की तू यंदा खाली आहेस. नियम वरचा, तोंड याचं. ‘माझ्या हातात काही नव्हतं’ म्हटलं तर टीम म्हणते, मग तू कशाला आहेस? आणि मनातून पटलेलं नसताना नियमाची बाजू घेतली तर ते चेहऱ्यावर दिसतंच. माझ्या मते यातला कमी वाईट मार्ग असा, की मीटिंगच्या आत वरिष्ठांशी हवं तेवढं भांडून घ्यावं, आणि बाहेर आल्यावर निर्णय काय झाला, का झाला, तुझ्यासाठी मी काय मागितलं, हे खरंखरं सांगावं. सोपं कोणी म्हणत नाही.

माणसं निवडणं, सुट्ट्यांचं गणित, दूरवर घरी बसून काम करणाऱ्यांशी संपर्क ठेवणं, हेही सगळं याच वहीत. शेवटच्या बाबतीत एवढंच, की जो समोर दिसत नाही त्याच्याकडे आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वेळी, कामाचा हिशेब न मागता बोलावं. आणि तीच मीटिंग ‘आज जरा गडबड आहे’ म्हणून पहिल्यांदा रद्द होते, हेही लक्षात ठेवावं.

(दृश्य: वहीवाला माणूस खिडकीपाशी, फोनवर. मागे टीम कामात.)

काहींना वर्षभरात कळून चुकतं, की हे आपलं काम नव्हे. कोडमध्ये, नकाशात, आकड्यांत जी मजा होती ती इथे नाही. यात कमीपणा काहीच नाही, पण परतीचा रस्ता बहुतेक ठिकाणी बांधलेलाच नसतो. खुर्ची सोडली की पगार अडतो आणि लोक कुजबुजतात, याला खाली आणला. आयबीएमनं १९६० च्या दशकातच ‘फेलो’ हे पद काढलं, ते कसबी माणसाला त्याच्या कसबासाठीच मोठा मान मिळावा म्हणून. मॅनेजर न होताही वर चढता येईल अशा दोन वाटा पुढे इतरही अनेक कंपन्यांनी आखल्या. कागदावर दोन्हींची उंची सारखी असते. पण पगाराच्या, केबिनच्या आणि कोणाला मीटिंगला बोलावलं जातं याच्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या, की कुठली वाट खरी आणि कुठली नुसती दाखवायची, ते तिथल्या प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक असतं. म्हणून उद्या बढतीचा मेल आला, की तोही नाही म्हणणार नाही.