नाव, वार आणि वेळ

मित्रहो, आमच्या घरी पेपर आला की आई आधी तिसऱ्या पानाचा खालचा कोपरा बघते. निधनवार्ता. कोण गेलं, कुठल्या पेठेतलं, रक्षाविसर्जन कधी. मग चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसते आणि त्यानंतर पहिलं पान उघडते. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, मंगळवारात, कसबा बावड्यात, असा पेपर वाचणारी घरं पुष्कळ आहेत. मातीला पोहोचता आलं नाही तरी रक्षाविसर्जनाला जायचंच, हा आपल्याकडचा रिवाज. आणि ते कधी, हे गावाला त्या चार ओळींवरून कळतं.

छोट्या दैनिकात काम करणाऱ्या माणसांबद्दल बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा आला तो या चार ओळी टाइप करणारा आमचा ऑपरेटर. आमचं दैनिक चार पानी. सगळी मिळून अकरा माणसं. त्यातल्या दोघातिघांची नावं अधूनमधून बातमीवर येतात. बाकीच्यांची नावं वाचकाला आयुष्यात कधी दिसत नाहीत.

मी उपसंपादक होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. रात्री साडेदहाला फोनवर एक निधनवार्ता आली. भुदरगड तालुक्यातलं मूळ गाव, मुलं कोल्हापुरात. मी चिठ्ठीवर उतरवून घेतलं. रक्षाविसर्जन रविवारी सकाळी नऊला होतं. माझ्या चिठ्ठीवर सोमवार पडला. गडबड होती, पान सोडायचं होतं, मी परत विचारलं नाही. ऑपरेटरनं चिठ्ठीत होतं तसं टाइप केलं. त्याची काहीच चूक नव्हती.

गेलेल्या माणसाची थोरली बहीण सीमाभागात दिली होती. तिच्या घरी कोल्हापूरचा पेपर जायचा, फोन नव्हता. ती सोमवारी सकाळी पंचगंगा स्मशानभूमीत आली तेव्हा तिथं तिच्या घरचं कुणीच नव्हतं. मंगळवारी तिचा भाचा आमच्या कार्यालयात आला. आवाज चढवला नाही. टेबलावर अंक ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, आत्तीला भावाचं शेवटचं गावलं न्हाई. एवढं तरी नीट छापायचं हुतासा." आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. त्या दुरुस्तीचा त्या बाईला काय उपयोग? बातमी चुकली तर उद्या सुधारता येते. रक्षाविसर्जन उद्या परत होत नाही.

तेव्हापासून आमच्याकडं एक नेम आहे. फोनवर निधनवार्ता घेतली की सगळी परत वाचून दाखवायची. नाव, वय, पेठ किंवा गाव, वार, तारीख, वेळ. वार आणि तारीख दोन्ही विचारायचे, कारण एक चुकलं तर दुसऱ्यावरून पकडता येतं. आमचा ऑपरेटर हे काम इतक्या हळू आवाजात, इतक्या अदबीनं करतो की समोरचा रडत असला तरी सांगू शकतो. ही कला कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

पत्रकारितेचा इतिहास शिकवताना कोल्हापूरचं नाव येतं ते १८८२ च्या खटल्यात. करवीरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना दिली जाणारी वागणूक आणि दिवाण बर्वे यांचा कारभार, यावर 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं. टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. तुरुंगवासाचा भाग आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावाच. पण ज्या पत्रांवर विसंबून बर्व्यांवर आरोप केले होते, ती पत्रं न्यायालयात बनावट ठरली, हा भाग आपण भरभर वाचून पुढं जातो. तळमळ खरी होती. अन्यायाची चीडही खरी होती. हाती आलेला कागद मात्र खोटा निघाला. टिळक-आगरकरांसारख्यांच्या बाबतीत हे घडू शकतं, तर रात्री साडेदहाला चिठ्ठी लिहिणाऱ्या उपसंपादकानं किती जपायला हवं?

अंकाच्या तळाशी एक बारीक ओळ असते, ती तुम्ही पाहिली असेल. 'हे वृत्तपत्र मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून येथून प्रसिद्ध केले.' ही ओळ १८६७ च्या कायद्यानं आली. इंग्रज सरकारला कुणाला धरायचं हे ठाऊक असावं म्हणून. तो कायदा अगदी अलीकडपर्यंत चालू होता, २०२३ साली त्याच्या जागी नवा कायदा झाला. जबाबदारी कुणाची, हे त्या ओळीत असतं. अंक कुणाच्या हातून झाला, हे नसतं.

माझे वडील खिळे जुळारी होते, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून मजकूर तयार करायचे. लहानपणी शाळा सुटली की मी छापखान्यात जायचो. मराठी केस, म्हणजे खिळे ठेवायची पेटी, तिला शेकडो खाने. काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळं वेगळं. वडील खान्यांकडं न बघता खिळे उचलायचे, डोळे हस्तलिखितावर. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि ते उलटंच सरळ असल्यासारखं वाचायचे. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी भल्याभल्यांना थांबवलेलं मी पाहिलंय. एखाद्या लेखकाचं वाक्य अडलं की मालकाकडं जाऊन म्हणायचे, "मालक, ह्यात कर्ता कुठाय?" संध्याकाळी ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, बंद झालं की रॉकेलनं हात धुवायचे. तरी नखांत शाई राहायचीच. मग ऑफसेट छपाई आली, संगणकावर पान लावणारा पेजमेकर आला, मराठी अक्षरांची श्रीलिपी आली, आणि ते खिळे वजनावर मोडीत गेले. वडिलांच्या बरोबरीचे काहीजण पुढं डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, शिकले. वडील शिकले नाहीत. ते मुद्रितशोधक झाले आणि शेवटपर्यंत प्रूफ वाचत राहिले. आज आमच्याकडं मुद्रितशोधक नाही. परवडत नाही, हे मी इथं स्पष्ट सांगतो. त्यांचं काम आता उपसंपादक आणि ऑपरेटर यांनी वाटून घेतलंय आणि ते पूर्वीइतकं नीट होत नाही.

आता २०१९ च्या ऑगस्टबद्दल. पावसाळ्यात आपल्याला एकच आकडा लागतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे शाळेतलं पोरगंही सांगतं. त्या वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. आमचा अंक छापला जायचा तो शिरोलीच्या एमआयडीसीत. पान तयार, प्लेट करायला पाठवायची सोय नाही, आणि छापला तरी गठ्ठे शहरात येणार कसे? उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नव्हतं. सगळं शहर टँकरच्या मागं.

त्या रात्री आमच्या ऑपरेटरच्या घरात पाणी होतं. सुतारवाड्यात राहतो तो. बायको-मुलांना नातेवाइकांकडं सोडून कार्यालयात आला आणि म्हणाला, "एका पानाचं करूया. झेरॉक्स काढू." जनरेटरवर झेरॉक्सचं मशीन चालवलं. एका बाजूलाच मजकूर. बंधाऱ्याची पातळी, बंद रस्ते, कुठल्या शाळेत निवारा आहे, टँकर कुठं येतोय. अग्रलेख नाही, फोटो नाही. आणि खाली निधनवार्ता होत्याच. पुरात माणसं जायची थांबत नाहीत, आणि स्मशानभूमीकडं जाणाऱ्या वाटेवरही पाणी होतं. म्हणून अंत्यविधी कुठं होणार, ते प्रत्येक नावापुढं लिहिलं. ते कागद आमच्या विक्रेत्यांनी चौकाचौकात, निवाऱ्याच्या शाळांत भिंतीला चिकटवले. एकानंही त्या दिवसांचे पैसे मागितले नाहीत. नंतर मी द्यायला गेलो तेव्हा घेतलेही नाहीत.

विक्रेत्यांबद्दल अजून थोडं बोलतो, कारण त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पहाटे चारला गठ्ठे उतरतात. रस्त्यावरच पुरवण्या भरायच्या, मोजायचं, लाइन टाकायला, म्हणजे घरोघर पेपर द्यायला, निघायचं. गगनबावडा, राधानगरी, चंदगडचे गठ्ठे पहिल्या एस.टी.ला द्यायचे. आपण १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जयंतीला, वृत्तपत्र विक्रेता दिन साजरा करतो, कारण लहानपणी त्यांनी पेपर टाकले होते. चांगलंच आहे. पण पेपर टाकतच ज्यांचे केस पांढरे झाले, त्यांना पावसाळ्यात पुरवण्या भरायला डोक्यावर एक छप्पर हवं आहे. ते या शहरात सगळीकडं नाही.

जाहिरातीचं काम करणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं, त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली होती. एवढ्या मोठ्या कामालाही आधी पैसे उभे करावे लागले. आमचा प्रतिनिधी दुकानादुकानांत फिरून वाढदिवसाच्या, उद्घाटनाच्या जाहिराती आणतो, त्यातून कागद येतो. त्याला कमी लेखू नका.

इथं बसलेल्यांपैकी काही विद्यार्थ्यांनी आमच्याकडं शिकायला येऊ का, असं मघाशी विचारलं. जरूर या. पहिले पंधरा दिवस मी कुणाला पत्रकार परिषदेला पाठवत नाही. रात्री आठ ते बारा ऑपरेटरच्या शेजारी, निधनवार्तेच्या फोनवर बसायचं. नाव विचारायचं, मधलं नाव विचारायचं, ऱ्हस्व की दीर्घ तेही विचारायचं. वार, तारीख, वेळ. मग सगळं परत वाचून दाखवायचं आणि समोरचा "हो, बरोबर" म्हणाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. सोमवारपासून या.