गाडी रस्त्यात खोलता आली पाहिजे

(बोनेट उघडलेलं. चावी फिरते.)

ऐका जरा. टिक टिक टिक टिक... आणि थांबलं. इंजिन अजून सुरूच नाही केलंय, हा आवाज आहे गाडीतल्या पेट्रोल पंपाचा. गाडी मॉरिस मायनर, जुनी ब्रिटिश, पंप एसयू कंपनीचा, इलेक्ट्रिक. कार्बोरेटरची वाटी भरली की टिकटिक आपोआप बंद होते. बंदच नाही झाली तर टाकी रिकामी आहे नाहीतर कुठेतरी गळतंय, आणि टिकटिक आलीच नाही तर पंपाच्या आतले पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, चिकटलेत, मग पान्याच्या दांड्याने हलकेच एक ठोका द्यायचा, बऱ्याचदा तेवढ्यावर चालू होतो. स्कॅनर नाही, लॅपटॉप नाही.

मायनर 1948 ला बाजारात आली आणि 1971 पर्यंत बनत राहिली, सोळा लाखांच्या आसपास गाड्या. डिझाइन अॅलेक इसिगोनिसचं, ज्याने पुढे मिनी केली तोच. आपल्यासमोरची ही 1098 सीसीची आहे, म्हणजे 1962 नंतरची. नवी होती तेव्हा 48 हॉर्सपॉवर, आता किती उरलेत ते विचारू नका. हिला घेऊन देशाबाहेर जायचंय, लांब, आणि गाडीतच सामान, गाडीतच स्पेअर.

(टेबलावर मांडलेले पार्ट. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

आता अशा ट्रिपला निघायचं म्हटलं की सल्ले सुरू होतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक, अल्टरनेटर टाक, पाच गिअरचा बॉक्स बसव. वाईट नाहीयेत हे सल्ले. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मस्त चालतं, पण गेलं की गेलं, त्याचं रस्त्याच्या कडेला काहीच करता येत नाही, आणि जुन्या इग्निशनचे पॉइंट मात्र घासता येतात, गॅप 0.36 ते 0.40 मिलिमीटर, फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, लावा, स्क्रू आवळा, निघा. म्हणून इथे पॉइंटच ठेवलेत. डब्यात जास्तीचे पॉइंट, कंडेन्सर, रोटर आर्म, डिस्ट्रिब्युटरची कॅप. कंडेन्सर दोन घेतलेत, कारण हल्ली जे नवे मिळतात त्यांच्यावर भरवसा नाही, उलट जुना चालू असलेलाच जपून ठेवलाय.

हा हट्ट वाटेल कुणाला. पण 1907 ला पेकिंग (आताचं बीजिंग) ते पॅरिस पाच मोटारी निघाल्या होत्या, त्यात जी पहिली आली ना, प्रिन्स बोर्गेझेची इटाला, तिचं लाकडी चाक रशियात मोडलं आणि ते नीट करून दिलं तिथल्याच एका सुताराने, कुऱ्हाडीने. 10 ऑगस्टला गाडी पॅरिसमध्ये. वाटेत भेटणाऱ्या माणसाला समजेल अशी गाडी होती म्हणून पोचली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(पुढचं चाक काढलेलं. ग्रीसगन. क्लोजअप.)

हा शॉट नीट बघा, मायनरवाल्यांची झोप उडवणारी जागा हीच. पुढच्या चाकाचा किंगपिन, म्हणजे चाक ज्याच्याभोवती वळतं तो उभा दांडा, वर आणि खाली ट्रनियनमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या धातूच्या तुकड्यांत बसतो, आणि बसतो कसा, तर आट्यांवर. स्टिअरिंग वळवलं की आटे आटेच घासतात. मधे ग्रीस असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. ग्रीस सुकलं, पाणी गेलं, की आटे झिजतात, आणि एक दिवस खालचा पिन सुटून चाक आडवं होऊन मडगार्डच्या आत शिरतं. त्यामुळे इथे दोन्ही बाजूंचे सगळे पार्ट नवे टाकलेत. आणि ग्रीस भरताना गाडी जॅकवर घेतलीय ते दिसतंय का, चाकावरचं वजन गेल्याशिवाय ग्रीस आट्यांच्या दाबलेल्या बाजूला पोचत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येतंय, येऊ दे, येऊ दे... आता स्वच्छ आलं. बास. प्रवासात हे दर दीडेक हजार किलोमीटरला करायचं, कंटाळा आला तरी.

(ब्रेक ड्रम.)

चारही चाकांना ड्रम. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरच्या आत, म्हणजे ऑइल बघायचं तर कार्पेट उचला, मग झाकण, मग अंधार. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट 4 या प्रकारचं ऑइल नवं असताना त्याचा उकळबिंदू किमान 230 अंश, ओल मुरली की तोच 155 पर्यंत येऊ शकतो, आणि लांब घाट उतरताना ड्रम तापले की ऑइल उकळतं आणि पेडल खाली जातं. सगळं ऑइल नवं, रबरी होज नवे. जुने होज बाहेरून चांगले दिसतात आणि आतून फुगून बंद झालेले असतात, हे कापून दाखवलंय बघा.

एअरबॅग नाही, धडक झेलून चेपणारा क्रंपल झोन नाही, जोरात धडक बसली तर ही गाडी वाचवणार नाही, ते धरूनच चालायचं.

(सिलिंडर हेड बेंचवर.)

पेट्रोलचं काय. या इंजिनाला शिशाचं पेट्रोल लागायचं, शिसं व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, थर धरायचं. ते पेट्रोल आता जगात कुठल्याच पंपावर नाही, शेवटचा देश अल्जेरिया, 2021 ला बंद. साधं पेट्रोल भरून तासन्तास जोरात पळवली तर सीट खोल जात राहतात आणि टॅपेटचं गॅप कमी होत जातं. म्हणून हेडमध्ये कडक सीट बसवून घेतल्यात, या चकाकणाऱ्या रिंगा. मशीन शॉपचं काम आहे, निघायच्या आधीच करायचं. इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, त्यामुळे पेट्रोलचे पाइपही बदलले. रेडिएटरला नवा कोअर, ब्लॉक धुतला तेव्हा आतून जे लाल पाणी निघालं ते तुमच्यासमोर आहेच.

उंचीवर वेगळंच. ताजिकिस्तानातल्या पामीर हायवेवरची अक-बैताल खिंड 4655 मीटरला आहे, तिथे हवा इतकी विरळ की कार्बोरेटर जास्तच पेट्रोल पाजतो, धूर काळा, गाडी ढकलावी वाटेल अशी. एसयूच्या कार्बोरेटरला खालचा जेटचा नट थोडा वर फिरवायचा, मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. उतरल्यावर परत खाली. हाताने होतं हे सगळं, म्हणूनच तर सांगतोय!

वायरिंगमध्ये एकच भानगड, गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. बॅटरीचा प्लस बॉडीला. मोबाइल चार्जर विचार न करता जोडला तर जळणार. इथे त्याची वायर बॉडीपासून पूर्ण वेगळी ओढलीय. टायर पाच नवे. कडेला चार आकडे असतात ते वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

(पुठ्ठ्याच्या कव्हरची मोठी वही. शिक्का.)

आणि हा कार्ने, म्हणजे ड्युटी न भरता गाडी तात्पुरती दुसऱ्या देशात न्यायचा कागद. सगळीकडे लागत नाही, पण बऱ्याच देशांत लागतो. ऑटोमोबाइल क्लब देतो, तारण ठेवून, मुदत एक वर्ष. त्यावर चॅसी नंबर, इंजिन नंबर असतो आणि सीमेवर बोनेट उघडून टॉर्च मारून तो वाचतात, म्हणून इंजिन कधी बदललेलं असेल तर आधी कागद सरळ करून घ्या. प्रत्येक देशाच्या पानाला आत जातानाचा शिक्का आणि बाहेर पडतानाचा शिक्का. दुसरा राहिला तर कागदोपत्री गाडी त्याच देशात राहिली, मग मागून ड्युटीचं बिल येतं. त्यामुळे शिक्का डोळ्याने बघितल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही, मागचे किती का हॉर्न मारेनात.