ढगाच्या कडेला काय चालतं?

नमस्कार मंडळी. मगाशी पाऊस उघडला म्हणून तुम्ही सगळे येऊ शकलात, आणि मला बोलायचंय तेही त्याच्याशीच जोडलेलं आहे, म्हणजे समुद्रावरून भरलेला ढग येतो, आपण वाळत टाकलेलं सगळं धावत आत घेतो, आणि तो ढग डोक्यावर येईपर्यंत विरून गेलेला असतो. असं का होतं? याचं बरंचसं उत्तर ढगाच्या कडेला आहे.

आधी थेंबाचा आकार डोक्यात पक्का करूया. ढगातला साधा थेंब साधारण १० मायक्रॉन त्रिज्येचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि तो सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर खाली येतो, म्हणून ढग तरंगतोय असं वाटतं. पागोळीतून नाही, आकाशातून पडणारा पावसाचा थेंब मात्र एक मिलिमीटर त्रिज्येचा धरा. त्रिज्या शंभरपट म्हणजे पाणी दहा लाखपट! एक पावसाचा थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

आता कडेकडे येऊ. ढग वर चढतो तेव्हा बाजूची कोरडी हवा आत ओढून घेतो, हे हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९४७ मध्येच दाखवलं होतं. पण आत आलेली हवा लगेच मिसळत नाही हो. सोलकढी करताना नारळाच्या दुधात आगळ ओतता तेव्हा काय दिसतं आठवा, आधी गुलाबी पट्टे, मग ढवळलं की बारीक तंतू, आणखी ढवळलं की मग कुठे सगळं एका रंगाचं. ढगात ढवळायचं काम हवेचे भोवरे करतात, मोठा भोवरा मोडून लहान, लहान मोडून आणखी लहान, पार मिलिमीटरपर्यंत.

आणि हे ढवळणं चालू असताना थेंब काही थांबून राहत नाहीत, कोरडी हवा लागली की ते आटायला लागतात. माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. ओटीवर दोरीला दहा ओले पंचे टाकलेत, आणि थोडीशीच कोरडी हवा आली, तिची पाणी प्यायची ताकद ठरलेली. ती दहाही पंच्यांना सारखी पोचली तर दहाही थोडे थोडे सुकतील. पण ती दाराशीच अडकली तर दाराजवळचे दोन खणखणीत वाळतील, तोवर तिची तहान भागलेली असेल, आणि बाकीचे आठ तसेच निथळत राहतील. उडालेलं पाणी दोन्हीकडे तेवढंच! ढगातही असंच, एक तर सगळे थेंब थोडे लहान होतात, नाहीतर काही थेंब पार नाहीसे होतात आणि उरलेले होते त्याच आकाराचे राहतात.

यातलं कुठलं होणार हे शर्यतीवर ठरतं, मिसळायला लागणारा वेळ आणि थेंब आटायला लागणारा वेळ. या दोघांच्या भागाकाराला डामक्योलर संख्या म्हणतात, डामक्योलर हा मूळचा रासायनिक क्रियांचा अभ्यास करणारा जर्मन माणूस. आपला १० मायक्रॉनचा थेंब ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत पाचेक सेकंदात संपतो. आणि चांगल्या खळबळणाऱ्या ढगात १०० मीटरचा कोरड्या हवेचा गोळा मिसळायला दीडेक मिनिट लागतं, १० सेंटीमीटरचा मात्र सेकंदाभरात. म्हणजे एकाच ढगात मोठ्या गोळ्याच्या कडेला थेंब मरतायत आणि बारीक तंतूंमध्ये सगळे मिळून झिजतायत, दोन्ही एकदमच.

हे मोजणं फार अवघड, कारण विमान सेकंदाला १०० मीटर जातं, तंतू हातातून निसटतो. म्हणून मग होलोग्राम, म्हणजे लांबी-रुंदीबरोबर खोलीही टिपणारं चित्र, काढणारं यंत्र विमानाला लावलं, एका फटक्यात काही घन सेंटीमीटर हवेतले सगळे थेंब जागच्या जागी टिपायचे. २०१५ मध्ये ते निकाल आले आणि दिसलं की कडेच्या भागात थेंबांची संख्या झपकन कमी होते, आकार तेवढा बदलत नाही. आपल्याकडेही पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, २००९ पासून केपेक्स नावाच्या ढग आणि पाऊस अभ्यासायच्या मोहिमेत विमानं ढगात घातली, आणि २०१२ पासून महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे, म्हणजे आपल्यावरून सह्याद्री चढून जाणारे ढग तिथे खिडकीतूनच आत येतात. मला याचा खरंच अभिमान वाटतो.

अजून एक. माठातलं पाणी गार होतं ना, तसंच थेंब आटले की कडेची हवा गार होते, जड होते आणि ढगाच्या अंगावरून खाली घसरते. त्या घसरण्यातून नवे भोवरे, म्हणजे आणखी ढवळणं.

आणि पावसाचं काय? संख्या कमी झाली पण आकार टिकला तर तो भाग परत वर चढताना वाफेचे वाटेकरी कमी, मग उरलेले थेंब जास्त मोठे होऊ शकतात, २० मायक्रॉनच्या पुढे गेले की एकमेकांवर आपटून जुळायला लागतात. काही शास्त्रज्ञ असं मांडतात, यावर वाद अजून चालू आहे. कडा ढगाला खाते हे नक्की, पण कधी कधी तीच पाऊस लवकर आणत असेल का, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

ऑक्टोबरात आकाश मोकळं झालं की रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर बसा, एकच छोटा ढग निवडा आणि फक्त त्याच्या कडेकडे बघत राहा. फ्लॉवरसारखी टणक, ठळक कड असेल तिथे तो अजून चढतोय, आणि पिंजलेल्या कापसासारखी झाली तिथे थेंब संपतायत. दहा-पंधरा मिनिटांत बहुतेक अख्खा ढग जातो.

आता तुमचे प्रश्न घेऊया.