हवा सगळ्यांना सारखी नसते

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण आता कॉलेजांतून मॉडेल विमानांच्या स्पर्धा भरवताहेत. म्हणून आज विमान उडवण्यावर नाही, गुण देण्यावर बोलतो.

सकाळी आठला हवा निपचित असते. अकराच्या सुमारास ऊन तापलं, नांगरलेल्या रानावरून थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, उठायला लागले, की त्यात शिरलेला ग्लायडर घारीसारखा घिरट्या घेत वर चढतो. मॉडेलं सारखी, हात सारखेच तयार. तरी आठला उडवणाऱ्या मुलाची चार मिनिटं भरतात आणि अकराला उडवणाऱ्याची दहा. ही मिनिटं एका यादीत मांडून पहिला नंबर काढणं हा त्या सकाळच्या मुलावर अन्याय आहे. इतकी वर्षं झाली, मला तो अजून बघवत नाही.

एफएआय ही हवाई खेळांची जागतिक संघटना. तिच्या एफ५जे प्रकारात, म्हणजे इलेक्ट्रिक मोटरच्या ग्लायडरमध्ये, यावर तोड आहे. स्पर्धकांचे गट पाडायचे आणि गटातल्या सगळ्यांनी त्याच १० मिनिटांत उडायचं. गटात पहिला येईल त्याला १००० गुण, बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. पुढच्या फेरीला गट बदलायचे. म्हणजे ज्याची त्याची तुलना त्याच हवेत उडलेल्यांशीच होते.

दुसरा प्रश्न पैशाचा. मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवता येते. पण तगडी मोटर आणि महागडी बॅटरी असली तर तेवढ्यातही मॉडेल खूप उंच जातं, आणि तिथून नुसतं तरंगत खाली आलं तरी वेळ भरते. थर्मल शोधायची गरजच उरत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलमध्ये उंची नोंदवणारं छोटं यंत्र बसवतात. २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापायचा, त्यापुढे दर मीटरला ३. हिशोब करून बघा: ६० मीटरवर मोटर थांबवणाऱ्याचे ३० गुण जातात, २५० मीटरवाल्याचे २५०! उड्डाणाच्या दर सेकंदाला एकच गुण आहे, हे ध्यानात घ्या. आता हवा वाचणाऱ्याला किंमत आली. खाली थांबलात आणि थर्मल सापडला नाही, तर मात्र दोन मिनिटांत जमिनीवर.

यातही पळवाट होतीच. ६० मीटरवर मोटर बंद करायची, पण मॉडेल इतक्या वेगात असतं की नाक वर करून आणखी कितीतरी उंची फुकटात मिळते. म्हणून मोटर थांबल्यावर १० सेकंदांपर्यंतची सर्वाधिक उंची धरतात. आणि मोटर पुन्हा चालू केली, तर त्या उड्डाणाला शून्य. नियम लिहिलात की एक दिवस स्वतः लबाडी करणाऱ्याच्या जागी बसून तो वाचा, असं मी म्हणतो ते यासाठी.

मॉडेलं सुधारली की नियमही घट्ट करावा लागतो. वेकफील्ड चषक या मॉडेल विमानांच्या जुन्या स्पर्धेचा रबरावर उडणारा प्रकार घ्या, म्हणजे पीळ दिलेलं रबर उलगडताना पंखा फिरवतं तो. जो तो १८० सेकंदांची कमाल मर्यादा गाठायला लागला, निकाल लागेना. मग रबराचं वजन टप्प्याटप्प्यानं उतरवलं: ८० ग्रॅमवरून ५०, पुढे ४०, ३५, आता ३०. मला यातलं शहाणपण आवडतं. रबर कमी केलं तरी जुनं मॉडेल मोडीत निघत नाही. पंखांचं माप बदललं असतं तर पोरांची वर्षभराची मेहनत वाया गेली असती.

एका स्पर्धेत मी टाइमकीपर होतो. दुपारी वारा वाढला, तेव्हा निम्म्या मुलांची फेरी झाल्यावर आयोजकांनी उड्डाणाची वेळ दहा मिनिटांवरून पाचवर आणली. आधी उडलेली मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. वारा वाढला तर काय करायचं, हे पत्रकात आधीच लिहा. फेरी मध्येच थांबली तर ती सगळ्यांची रद्द करा. आणि ते पत्रक मुलांच्या हाती पडू द्या, त्यांनी मॉडेलसाठी बाल्साचं लाकूड कापायला घेण्याआधी.