सुट्टीत हरवलेली पृथ्वी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या उन्हाळी शिबिरात दरवर्षी मे महिन्यात पृथ्वी हरवते. मुलं अकरावीची, गणितात तरबेज, पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा थोडीफार येणारी. पहिल्या दिवशी काम एकच: सूर्याभोवती पृथ्वी फिरवून दाखवा. न्यूटनचा नियम तर पाठच असतो. पृथ्वी आत्ता कुठे आहे, तिचा वेग किती, सूर्य तिला किती ओढतो, यावरून ती 10 दिवसांनी कुठे असेल ते काढायचं. मग पुन्हा तेच. वीसेक ओळींचा प्रोग्रॅम. चित्र उमटतं आणि वर्ग गप्प होतो. कक्षा मिटतच नाही! डासांच्या अगरबत्तीच्या वेटोळ्यासारखी पृथ्वी बाहेर बाहेर निघालेली असते.

"सर, सूर्याचं वस्तुमान चुकलं असणार." तपासतात, बरोबर असतं. नियम बरोबर, आकडे बरोबर. चूक पावलात असते. आपण पृथ्वीला 10 दिवस सरळ रेषेत चालवलं, ती मात्र क्षणोक्षणी वळत होती. एका दिवसाचं पाऊल घेतलं की वेटोळं आवळतं, पण मिटत नाही, आणि संगणकाचं काम दसपट होतं. मग मी दोन ओळींची अदलाबदल करायला सांगतो: आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगानं जागा बदला. कक्षा मिटते! का मिटली, यावर पुढचे दोन दिवस भांडणं चालतात. माझ्या मते शिबिर तेवढंच, बाकी सगळी हजेरी.

पालक म्हणतात, हल्ली प्रोग्रॅम एआय लिहून देतो. देतो की. त्यानं वेटोळं काढून दिलं तर ते ओळखणार कोण?

हेच दुखणं आपल्या पावसाच्या अंदाजाचंही. पुण्यात पाषाणला, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, 2018 साली 'प्रत्यूष' हा महासंगणक आला. सेकंदाला सुमारे 4 हजार लाख कोटी आकडेमोडी. एवढं कशाला? हवामानाच्या गणितात पृथ्वीचे चौकोन पाडतात. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि वेळेचं पाऊलही साधारण निम्मं करावं लागतं. म्हणजे काम आठपट! हा हिशेब मुलं चौथ्या दिवशी स्वतःच मांडतात.

गेल्या वर्षी एका मुलीनं न सांगता चंद्रही जोडला. पाऊल तेच, 10 दिवसांचं. चंद्र दोन-तीन पावलांतच पसार झाला. शिबिर संपलं, सगळे वडापाव खात होते, ही मात्र लॅपटॉप मिटेना.

"सर, बस साडेसहाची आहे. तोवर आणते त्याला परत."